‘मुलाच्या मेंदूचा फोटो काढून घ्यावा का?’

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात राहतो. यजमान ट्रॉलरवर तांडेल आहेत, घरची थोडी हापूसची कलमं आहेत. मुलगा नऊ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत. आता तिसरीतून चौथीत जाईल. दशावतार एकदा बघितला की दुसऱ्या दिवशी संकासुराचं अख्खं बोलणं अंगणात करून दाखवतो. फाटलेलं जाळं वडिलांच्या बरोबरीने विणतो. पण पुस्तक उघडलं की घाम फुटतो. ‘घर’ला ‘धर’ म्हणतो, पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द मनाने ठोकतो, आणि जोडाक्षर आलं की गप्पच बसतो. आधी आम्ही ओरडलो, मारलंही. आता ते आठवलं की वाईट वाटतं.

मे महिन्यात मुंबईचे दीर आले होते. त्यांनी मोबाइलवर दाखवलं, की अशा मुलांच्या मेंदूची रचनाच वेगळी असते, काही भाग लहान असतात. मुंबईला नेऊन एमआरआय काढू, म्हणजे काय ते एकदा कळेल, असं त्यांचं म्हणणं. वाशीहून आंब्याची पट्टी आली की त्या पैशांतून करायचं ठरतंय. सासूबाई म्हणतात, देवाला गाऱ्हाणं घाला. याचा आजोही कधी वाचायला शिकला नाही, तरी त्याच्यासारखा तांडेल बंदरात नव्हता. हे सगळं बोलणं मुलाने ऐकलं. रात्री अंथरुणात मला विचारतो, ‘आये, माझो मेंदू बिघडलो काय?’ मला काही बोलताच आलं नाही. एमआरआय करावा का? आणि याला काय सांगू?
– एक आई

उत्तर : ताई, आधी सरळ उत्तर देते. वाचता येत नाही एवढ्याच कारणासाठी एमआरआय काढू नका. काढलात तर बहुधा ‘नॉर्मल’ असाच रिपोर्ट येईल, आणि मग घरातलं कुणीतरी म्हणेल, ‘बघा, मेंदू चांगला आहे. म्हणजे हा मुद्दामच करतो.’ हे वाक्य मी इतक्या मुलांच्या वाट्याला आलेलं पाहिलं आहे, की मला त्या नॉर्मल रिपोर्टाचीच जास्त भीती वाटते.

तुमच्या दिरांनी दाखवलं ते मात्र खोटं नाही. वाचन-अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया असलेल्या लोकांच्या मेंदूत फरक सापडले आहेत. ते कसले आणि किती, हे नीट समजून घेतलंत तर पट्टीचे पैसे कुठे लावायचे हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

ही अडचण मोबाइलच्या काळातली नाही. १८९६ साली इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं. मुलगा तल्लख, खेळात चपळ, पण वाचता येईना. स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल झाली होती. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं, की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. तुम्ही संकासुराचं लिहिलंत तेव्हा मला पहिल्यांदा तो मुलगा आठवला.

मेंदूत प्रत्यक्ष डोकावायला मात्र पुढे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं गेली. बोस्टनमध्ये आल्बर्ट गालाबुर्डा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हयातीत ही अडचण असलेल्या काही माणसांचे मेंदू मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांच्या १९८५ च्या लेखात असे चार मेंदू होते. भाषा ऐकण्याशी जोडलेला एक भाग बहुतेक माणसांत डावीकडे मोठा असतो. या चौघांत तो दोन्हीकडे सारखाच निघाला. शिवाय काही पेशींचे पुंजके गर्भात मेंदू घडत असतानाच आपली जागा सोडून भलत्या थरात जाऊन बसलेले होते. चारच मेंदू, त्यामुळे त्यावरून सगळ्या जगाबद्दल बोलता येत नाही. पण ‘आळस’, ‘लाड’, ‘लक्ष नाही’ या पलीकडे काहीतरी खरं आहे, हे त्यातून पुढे आलं.

मग एमआरआय आला आणि जिवंत माणसांचा अभ्यास सुरू झाला. त्यात काय दिसलं ते सांगण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. वाचनासाठी मेंदूत जन्मतः राखून ठेवलेली जागाच नसते. मूल बोलायला आपोआप शिकतं, वाचायला शिकत नाही. लिपी ही माणसाची जेमतेम पाच हजार वर्षांची कमाई आहे. पाहण्याचे, ऐकण्याचे आणि बोलण्याचे जे भाग मुळात असतात, त्यांना प्रत्येक मूल पहिली-दुसरीत नव्याने एकमेकांशी जोडतं. ही जोडणी मुख्यतः डाव्या बाजूला होते. कपाळामागचा एक भाग उच्चार जुळवतो. कानाच्या वर आणि मागे असलेला भाग अक्षराचा आवाजाशी मेळ घालतो. डोक्याच्या मागच्या बाजूला, खाली, असलेला भाग सरावानंतर अख्खा शब्द चेहऱ्यासारखा ओळखू लागतो. आणि मागच्या भागांना पुढच्या भागाशी जोडणारा धाग्यांचा एक जाड जुडगा कमानीसारखा वळून जातो.

अडखळत वाचणाऱ्या लोकांत याच साखळीत फरक दिसतात. त्या मागच्या दोन भागांत वाचताना हालचाल कमी असते, काही ठिकाणी करड्या पेशींचा थर सरासरीने थोडा कमी भरतो, जुडग्यातल्या धाग्यांची बांधणी जराशी सैल असते. पण हे सगळे फरक सरासरीचे आहेत, आणि मोबाइलवरच्या बातमीत नेमकं हेच गळतं. तुमच्याच बागेतलं उदाहरण घ्या. दोन बागांच्या शंभर-शंभर पेट्या तोलल्या, तर एका बागेचं फळ सरासरी चार-पाच ग्रॅमने हलकं निघू शकतं. म्हणून कुणी एकच आंबा तुमच्या हातात ठेवून ‘वजनावरून सांगा, हा कुठल्या बागेतला’ म्हणालं, तर तुम्हाला सांगता येईल का? दोन्ही बागांत लहान फळं असतात, मोठीही असतात. मेंदूचं तसंच आहे. शे-दोनशे मुलांचे गट शेजारी ठेवले की फरक दिसतो. एका मुलाच्या फिल्मकडे बघून कुठलाही प्रामाणिक डॉक्टर ‘याला डिस्लेक्सिया आहे’ किंवा ‘नाही’ असं सांगू शकत नाही. संशोधनात वापरतात ते मोजमाप आणि रुग्णालयातला नेहमीचा एमआरआय हेही वेगळे. तो गाठ, रक्तस्राव, जुनी इजा शोधतो.

एक अपवाद सांगून ठेवते. मुलाला झटके येत असतील, डोक्याला मार लागल्यानंतर किंवा मोठ्या तापानंतर हे सुरू झालं असेल, आधी येत असलेलं वाचन किंवा बोलणं आता जात असेल, एका बाजूचा हातपाय लुळा पडत असेल, तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. मेंदूत फरक आहे म्हणून वाचता येत नाही, की वाचन कमी झालं म्हणून मेंदूत फरक पडला? २०१४ साली वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी डिस्लेक्सिया असलेल्या मुलांची तुलना त्यांच्या वयाच्या मुलांशी तर केलीच, शिवाय त्यांच्याइतकंच वाचता येणाऱ्या लहान मुलांशीही केली. या दुसऱ्या तुलनेत करड्या भागातले बहुतेक फरक मावळले. म्हणजे त्यातला बराचसा भाग वाचन कमी घडल्याचा परिणाम असावा. सगळाच तसा नाही. २०१३ मध्ये बोस्टन परिसरातल्या बालवाडीच्या मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांना नीट वाचायला अजून यायचं होतं. तरीही ज्यांना शब्दातले आवाज सुटे करणं जड जात होतं, त्यांच्यात तो कमानीचा जुडगा आधीपासूनच बारीक होता. माझ्या मते दोन्ही खरं आहे. सुरुवातीला एक छोटी अडचण असते. मूल अडखळतं, ओरडा खातं, पुस्तक टाळतं, आणि जी वाट वापराने रुंद व्हायची ती अरुंदच राहते.

ती पुढे रुंद होऊ शकते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या टिमोथी केलर आणि मार्सेल जस्ट यांनी २००९ मध्ये, वाचनात मागे असलेल्या आठ ते दहा वर्षांच्या मुलांना सहा महिन्यांत सुमारे १०० तास शिकवण्याआधी आणि शिकवल्यानंतर तपासलं. मुलांचं वाचन सुधारलं, आणि डाव्या बाजूला पुढच्या भागातल्या धाग्यांची बांधणीही सुधारलेली दिसली. तुमचा मुलगा याच वयाचा आहे. आपल्या देशातलंही एक उदाहरण आहे, आणि आपल्याच लिपीचं. लखनौजवळच्या गावांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं गेलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, मेंदूच्या खोल भागांचं पाहण्याच्या भागाशी असलेलं दळणवळण बदललेलं आढळलं. त्या बायांना डिस्लेक्सिया नव्हता, त्यांना शाळाच मिळाली नव्हती, त्यामुळे हे दोन अभ्यास मी एका मापाने तोलत नाही. पण तिशीतल्या मेंदूत एवढं घडत असेल, तर नऊ वर्षांच्या मुलाबद्दल हात टेकायचं कारण नाही.

१०० तास म्हणजे किती? रोज अर्धा तास धरला तर २०० दिवस, म्हणजे साधारण शाळेचं एक वर्ष. तिथे शिकवणारे प्रशिक्षित होते, हे विसरू नका. तुम्हालाही विशेष शिक्षकाची मदत घ्यावीच लागेल. पण घरचा अर्धा तास आजपासून सुरू होऊ शकतो.

सुरुवात पुस्तकाशिवाय करा, कारण अडचणीचं मूळ बहुतेक मुलांत डोळ्यांत नसतं, शब्दातला आवाज सुटा करण्यात असतं. मासे निवडताना खेळता येईल. ‘बांगडा’ म्हणताना तीन टाळ्या: बां-ग-डा. ‘सुरमई’तला ‘सु’ काढला तर काय उरलं? ‘तारली’तल्या ‘ता’च्या जागी ‘मा’ घातला तर काय होईल? ‘मोरी’ आणि ‘मोडी’त काय बदललं? तोंडी जमायला लागलं की तोच शब्द अक्षरात. पुळणीवर ओल्या वाळूत बोटाने मोठं अक्षर काढायचं, काढताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं झालं की बऱ्याच दिवसांनी दुसरं आणा.

देवनागरीत आवाज आणि अक्षर बहुतांशी जुळतात, हे तुमच्या मुलाचं भाग्य. इंग्रजीत तसं नाही. पण आपल्या लिपीची स्वतःची वळणं आहेत आणि ती कुणी मुलाला उघड करून सांगत नाही. ‘किनारा’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी येते, पण तोंडात नंतर. एकटा र घ्या: ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘समुद्र’मध्ये द च्या पायाशी, ‘राष्ट्र’मध्ये ट च्या खाली टोपीसारखा, आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’त तर त्याच्या आकारावर सगळा अर्थ फिरतो. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या संशोधकांना देवनागरी वाचताना डाव्या बाजूच्या जोडीला उजव्या मेंदूचेही भाग कामाला लागलेले दिसले. खाली, वर, मागे, पुढे बसणाऱ्या चिन्हांची जागा सांभाळण्यासाठी ते लागत असावेत. म्हणून त्याला प्रत्येक वळण वेगळं काढून दाखवा. जोडाक्षरं सर्वांत शेवटी घ्या.

आणि मालवणी. तो घरात ‘माका’ म्हणतो, पुस्तकात ‘मला’ येतं. त्याला एकाच वेळी लिपीही शिकायची असते आणि थोडी परकी भाषाही. म्हणून एक वही करा. त्याने आपल्या बोलीत काहीही सांगावं, आज बंदरावर काय आलं, कुणाचं जाळं फाटलं, दशावतारात काय झालं. तुम्ही तो बोलला तसंच, प्रमाण मराठीत न वळवता, मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहा. मग त्या चार ओळी त्याने वाचायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. स्वतःचंच बोलणं असल्यामुळे पुढचा शब्द काय हे त्याला ठाऊक असतं आणि भीती निम्मी होते. पुस्तकाची भाषा मागाहून येईल.

यजमानांना यात घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ते घरी असतील. संध्याकाळी तेच पुस्तकातला एखादा उतारा त्याला वाचून दाखवू दे. कानाने ऐकलेली पुस्तकाची भाषाही जमा होत असते. वेळ संपला की थांबायचं, रडवून पान पूर्ण करायचं नाही.

शाळेचं आता थोडक्यात. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, की मुलाला वाचनात विशेष अडचण आहे, गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडून तपासणी व्हावी. अर्जाची पोच घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा त्यांनाही सांगा. निदान एमआरआयने होत नाही. मानसतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक मुलासमोर बसून बुद्धी, वाचन, लेखन, आवाजांची ओळख हे तपासतात. ही तपासणी मराठीतच व्हायला हवी. त्या मानेसरच्या केंद्राने २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी ‘डाली’ नावाची चाचणी तयार केली आहे, तिच्याबद्दल विचारा. पट्टीचे पैसे खर्चच करायचे असतील तर या तपासणीसाठी आणि नंतरच्या शिकवणीसाठी ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे. प्रमाणपत्र मिळालं तर पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. वर्गात सगळ्यांसमोर उभं करून त्याला वाचायला लावू नये, एवढं बाईंना आत्ताच, हात जोडून का होईना, सांगा. आणि डोळे बांधून वाचायला शिकवणारे वर्ग, मेंदू तल्लख करणारी चूर्णं, यांच्या दारात पाऊल टाकू नका.

सासूबाईंना गाऱ्हाणं घालायचं असेल तर घालू दे, त्यात त्यांचं नातवावरचं प्रेम आहे. आजोबांचं त्या बोलल्या ते मला महत्त्वाचं वाटतं. ही अडचण घराण्यात उतरते. आजोबांनाही तीच होती असं मी इथे बसून सांगू शकत नाही. त्या काळी शाळा सुटायला गरिबी आणि लांबची वाटही पुरत असे. पण तपासणीच्या वेळी हे सांगा, त्याचा उपयोग होतो. आणि मुलालाही सांगा.

कारण त्याचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे, आणि रात्री विचारलेला प्रश्न मुलं विसरत नाहीत. आजच त्याच्याजवळ बसा. सांगा, की नाही, काही बिघडलेलं नाही. प्रत्येकाच्या डोक्यात ऐकायची जागा वेगळी आणि बघायची वेगळी असते, वाचताना त्या दोघींना जोडावं लागतं, आणि तुझी ती जोड बांधायला जरा जास्त दिवस लागतात. जाळं एका दिवसात विणून होत नाही, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. काकांनी वाचलं त्यातलं अर्धंच खरं होतं, हेही सांगा. आणि मारल्याबद्दल त्याची माफी मागा. आईने मागितलेली माफी मुलं फार जपून ठेवतात. हे सगळं त्याच्याशी मालवणीतच बोला.

मग वही काढा. नारळी पौर्णिमेपर्यंत तिची किती पानं भरली, ते मला कळवा.